नास्तिकाचा हात

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

निमोणे,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. गेणबास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते आणि तू भलतंच बोलतोस, म्हणून सोनमकडून हे पत्र लिहून घेतेय. नात माझी हसतेय, हसू दे. भाऊबीजेला तू आला नाहीस. मी चंद्राला ओवाळलं.

तुझे दाजी जाऊन वर्ष सरलं. यंदा चंपाषष्ठीला घरची तळी उचलायची. भंडारा-खोबऱ्याच्या ताटाला पाच पुरुषांचे हात लागतात आणि घरात उरलेत चारच. पाचवा तू ये. दगडोबा भावजी म्हणाले, त्यो नास्तिक हाय, त्याला कशाला? आमच्या गावात हा शब्द फार स्वस्त झालाय. वर्गणी न देणारा नास्तिक, देवळासमोर चपला न काढणारा नास्तिक. परवा नैवेद्याआधी भजं खाल्लं म्हणून आपल्या स्वराजलाही तेच ऐकावं लागलं. शेजारचा गोकुळ हाकेसरशी येईल रे, पण मला माझा भाऊ हवाय.

लोभ आहेच, तो तोंड दाखवून वाढव.

तुझी,
गिताक्का

दौंड,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास गेणबाचा सा. न. वि. वि.

सोनमला सांग, नास्तिक म्हणजे देव आहे असं न मानणारा, एवढंच. पूर्वी पंडित मंडळी वेद न मानणाऱ्याला म्हणायची. त्यात चपला, वर्गणी, भजी कुठंच नाहीत. माझी म्हाळसा गेली म्हणून मी देवावर रुसलो असंही लोक म्हणतात. ते खोटं. मला लग्नाआधीपासूनच पटत नव्हतं. ती पूजा करायची, मी तिला फुलं आणून द्यायचो, त्यावरून आमचं कधी बिनसलं नाही.

ती होती तोवर तिच्यासाठी बायका यायच्या, घर भरलेलं असायचं. आता गणपतीची पोरंसुद्धा माझं दार सोडून पुढं जातात. आधी बरं वाटलं. आता पावतीपुस्तक घेऊन तरी कुणी यावं असं वाटतं. मी देव नको म्हणालो होतो अक्का, माणसं नकोत असं कधी म्हणालो नव्हतो.

येईन. ताटाला हात लावीन, पण येळकोट म्हणणार नाही. मनात नसताना ओरडलो तर ती तुझीच फसवणूक. मुका हात चालत असेल तर कळव. माया असू दे.

तुझा,
गेणबा

दौंड,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, तरी काल आलो होतो. अंगणाच्या दाराशी पोचलो तेव्हा ताट मांडलेलं होतं आणि पाचव्या जागी गोकुळ बसला होता. मी आत आलो असतो तर मलाही बसवलं असतं, आणि सहा झाले असते. तळी विषम हातांनी उचलतात हे लहानपणापासून ठाऊक आहे. तुझं कार्य माझ्यापायी मोडायला नको, म्हणून तसाच दौंडच्या एसटीत बसलो.

वळता वळता भंडारा उडाला, तो बाहीवर पडलाय. अजून झटकला नाही. तुझ्यावर राग नाही, कसला असणार? प्रकृतीला जप.

गेणबा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

निमोणे,
१ डिसेंबर २०२५

चि. गेणबास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं शनिवारी एकदमच हातात पडली. उत्तर नाही म्हणून अगदी शेवटी गोकुळला बसवलं. सकाळपासून माझी नजर दाराकडं होती आणि तू आलास तेव्हा मी मेली चुलीपाशी रोडगे भाजत होते! वाचताना सोनम दोनदा थांबली. मला तर रडूच आलं.

देव मानत नाहीस आणि त्याचा नेम पाळून उपाशी माघारी जातोस? सोनमनं विचारलं, आजी, अशा माणसाला काय म्हणायचं? दगडोबा भावजी सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, आरं, आवाज तरी द्यायचा व्हता.

रविवारी माझा ईश्वर गाडी घेऊन तुला न्यायला येतोय. मामाला उचलून आण, असं त्याला सांगितलंय. भरीत-रोडगा पुन्हा करीन. आणि यापुढं माझ्या दारात उभं राहून माणसं मोजू नकोस. तू सहावा झाला असतास, तर सातवा हात मी लावला असता.

तुझी वाट बघणारी,
अक्का