दिवाणजीवरचा आळ

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि बाबा दिवसभर त्याला खेटून बसलेले. समोर बसून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, फोनवर कुजबुजलेलं मात्र बरोबर ऐकू येतं. म्हणून लिहितोय.

तुमची घर बदलायची धांदल होती तेव्हा तुझा बोका मी मोठ्या मनानं ठेवून घेतला, हे तू विसरली नसशीलच. तुझे दिवाणजी तिकडे परत जाऊन आता तीन महिने झाले. ते गेले, पण जाताना इथे वास ठेवून गेले म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मला कुठे काय कळतंय? गेल्या वर्षीच्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. उद्या शेजारी रॉकेल सांडलं तरी मी आपला पेपर वाचत बसेन.

परवा मालकीणबाई आल्या आणि दारातच त्यांनी रुमाल नाकाला लावला. मांजर पाळायला त्यांची ना नव्हती, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट त्यांचं आहे. महिनाअखेर पुन्हा येऊन बघणार, आणि वास असलाच तर करार वाढवणार नाहीत, असं तोंडावर सांगून गेल्या. ताई, हे तळमजल्याचं घर मिळवताना मी किती वणवण केली ते तुला ठाऊक आहे. बाबांचे गुडघे जिना चढायचं नाव घेत नाहीत. हे घर गेलं तर त्यांना घेऊन जाऊ कुठे?

गंमत म्हणजे बाबा म्हणतात, वासबीस काही नाही, बाईंना भाडेकरू बदलायचा असेल. वरचे चष्मेवाले काका म्हणतात, आहे बुवा थोडासा. आता मी कुणाच्या नाकावर भरवसा ठेवायचा? बाबांनी जन्मभर दुकानांची वजनमापं तपासली, ते खोटं बोलायचे नाहीत. माझं डोकं पार चक्रावलंय. तुझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, तूच काहीतरी सांग.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, बोक्यापेक्षा जरा जास्त असावा.

तुझा
छोट्या


ता. ९ मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग दिवाणजीला दोन शब्द सुनावले. तो माझ्या पायावर झोपला होता. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. गुन्हेगाराचं तोंड असंच असतं, तेव्हा तुझं म्हणणं मान्य.

आता नीट वाच आणि सांगितलं तेवढंच कर, स्वतःची अक्कल चालवू नकोस. गरम वाफेचं मशीन अजिबात आणायचं नाही, गरमीनं वास पक्का बसतो. वरून अत्तर, फवारे काहीही मारायचे नाहीत, नाहीतर दोन वास एकत्र नांदतील. नाक नाही तर नाही, हात आहेत ना? गुडघ्यावर बस आणि कार्पेट तळहातानं चाचपत जा. मांजरानं केलेली जागा वाळून कडक होते, ती हाताला लागेल. तिथे पाणी आणि व्हिनेगर निम्मंनिम्मं ओत, जुन्या टॉवेलनं दाबून टिपून घे. घासायचं नाही! वाळलं की खायचा सोडा भुरभुरव, रात्रभर राहू दे, सकाळी व्हॅक्यूम फिरव. मी एन्झाइमच्या औषधाची बाटलीही पाठवते आहे, ते खालच्या फोमपर्यंत मुरलं पाहिजे. एवढ्यानंही वास पुन्हा आला तर घाबरू नकोस, जुना वास दमट हवेत डोकं वर काढतो.

मालकीणबाईंशी वाद घालू नकोस. बाबांना जप. त्यांच्या आवाजात हल्ली काहीतरी कमी वाटतं मला, की माझाच भास?

माया आहे तशीच आहे, शिव्यांनी ती कमी होत नाही.

तुझी
ताई


ता. १७ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. आगारातून ड्यूटी संपवून यायचं आणि चार पायांवर घरभर रांगायचं, हा माझा दिनक्रम. सोफ्यामागे कडक जागा सापडली. व्हिनेगर झालं, सोडा झाला, औषध झालं. चष्मेवाले काकांना चहाला बोलावून त्यांच्याकडून हुंगवून घेतलं. बिचारे सोफ्यामागे वाकले आणि वास गेला म्हणून त्यांनी निर्वाळा दिला. मी इतका खूश झालो की त्यांना दुसरा कप पाजला.

दोनच दिवसांनी काका पेपर न्यायला आले आणि म्हणाले, अहो, परत आलाय की! आता तो सोफ्यामागे नाही, बाबांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत जो बोळ आहे ना, तिथे. मी चाचपलं तर कडक नाही, ओलं लागलं. ओलं, ताई! बोका तिकडे तुझ्या पायावर आणि ओल इकडे. नळ फुटला असेल म्हणून प्लंबर आणला. त्यानं सगळं ठोकून बघितलं आणि कोरडं ठणठणीत आहे म्हणाला. दमट हवेनं वास वर येतो हे समजलं, पण पाणीही वर येतं का? मी तर हात टेकले.

बाबांना विचारलं की चिडतात. वास नाही म्हणजे नाही, मी नाकानं अजून धडधाकट आहे, असं म्हणाले. हल्ली त्यांचं काही कळतच नाही. माझ्या आधी उठून स्वतःचे पायजमे स्वतः धुतात, मी हात लावला तर खेकसतात. संध्याकाळचा चहा बंद केलाय, पाणीही घोटभरच पितात. मालकीणबाईंच्या बोलण्याचा धसका घेतलाय की काय? मी म्हटलं, बाबा, वेळ आली तर दुसरं घर बघू, तर उठून खोलीत जाऊन पडले.

कसला वास, कुठली ओल, कोण खरं, मला काही म्हणजे काही उमगत नाही. लवकर लिही. माझ्यावरचा लोभ या घोळात हरवू देऊ नकोस.

तुझा
छोट्या


ता. १८ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्या भावानं घराचा बाजार मांडला आहे. जिकडेतिकडे पांढरी भुकटी. परवा मी त्यात चालत गेलो तर पावलं उमटली. वास वगैरे काहीही नाही. असलाच तर त्या बोक्याचा असेल, त्या लबाडाला मी पहिल्या दिवसापासून ओळखून आहे.

एक काम कर. ते बाटलीतलं औषध तू पाठवलंस, त्याच्या आणखी दोन बाटल्या माझ्या नावानं पाठव. छोट्याला सांगायची गरज नाही, त्याला आधीच व्याप कमी नाहीत. ते औषध रात्रभर ठेवावं लागतं की लगेच टिपून घेतलं तरी चालतं, ते नीट लिही. वाकता येत नसेल तर उभ्यानं ओतून भागतं का, तेही. कार्पेट लवकर सुकवायची काही युक्ती असल्यास कळव. सहज विचारतो आहे.

माझी प्रकृती ठीक. तुम्ही सर्व आनंदात असा, लोभ राखून असा.

बाबा


ता. २२ मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र एकट्यानं वाच आणि वाचून फाडून टाक.

मी मूर्ख आहे रे. दुकानात कुणी डाग घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचा आहे? तुला तेवढंच विचारलं नाही. माझ्या बोक्याचा म्हणून ठरवूनच टाकलं. सोफ्यामागचा त्याचाच होता, पण तो केव्हाच गेला. बोळातला त्याचा नाही.

आठव, दूध उतू जायच्या आधी बाहेरच्या खोलीतून कोण ओरडायचं? आपण बाहेर काय खाऊन आलो ते दारातच कोण ओळखायचं? त्या बाबांना पायाखालचा वास येत नाही? येतो, छोट्या. तुझ्या-माझ्याआधी येतो. काल त्यांचं पत्र आलं, औषधाच्या बाटल्या गुपचूप मागवल्यात. उभ्यानं ओतून भागतं का विचारलंय. ते वाचून मी गिऱ्हाइकांसमोर रडले.

रात्री त्यांना बाथरूमपर्यंत पोचायला वेळ पुरत नाही. गुडघे उठू देत नाहीत आणि शरीर थांबत नाही. म्हणून पायजमे धुणं, म्हणून पाणी बंद. आणि तू त्यांना सांगतोस दुसरं घर बघू! आपल्यापायी पोराचं घर जाणार, ही भीती घेऊन तो माणूस खोलीत पडून असेल.

त्यांना एक अक्षर विचारू नकोस. गुडघे दाखवायचं निमित्त करून डॉक्टरांकडे ने, आणि डॉक्टरांना आधी एकटा भेटून सगळं सांगून ठेव. रात्री बोळात दिवा चालू ठेव, तुला अंधारात ठेच लागते म्हणून. मालकीणबाईंना सांग, बोक्यानं कार्पेट फोमपर्यंत नासवलंय, बाबांच्या खोलीतलं आणि बोळातलं आम्ही काढतो आणि पुसता येईल असं लिनोलियम घालतो. हे मोठ्यानं सांग, बाबांना ऐकू जाईल असं. सगळं दिवाणजीच्या नावावर घाल. आणि त्यावर विश्वास बसावा म्हणून मी दिवाणजीलाच परत पाठवते आहे. हे शनिवारी गाडीनं घेऊन येतील. बाबांना सांग, ताईच्या नव्या घरात त्याला करमत नाही.

करमतं रे त्याला. मलाच करमायचं नाही.

सगळी माया तुम्हा दोघांना.

ताई


ता. ३१ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. एका घरात राहून मला कळलं नाही आणि तुला तिथे बसून कळलं. नाक गेलं होतं, डोळे तर होते ना!

तू सांगितलंस तसंच केलं. डॉक्टर भला माणूस निघाला. गुडघे बघता बघता बाबांशी बाकीचंही बोलला, मला बाहेर बसवून. वयानं होतं, उपाय आहे म्हणाला. एक गोळी सुरू झाली आहे, आणि पाणी प्यायची सक्ती. बाबांनी मला सांगितलं, गुडघ्यांची गोळी आहे. मी म्हटलं, बरं.

काल मालकीणबाई आल्या. दिवाणजी खुर्चीत असे बसले होते जसं घर त्यांच्याच मालकीचं. मी ओरडून ओरडून बोक्याचे अपराध सांगितले. इतका ओरडलो की चष्मेवाले काका काय झालं म्हणून खाली आले. बाबा भिंतीकडे बघत होते. बाई म्हणाल्या, कार्पेटच नसेल तर वास मुरणार कशात, घाला तुम्ही लिनोलियम. करार वाढवला, ताई! त्या गेल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसलो, कारण डोळे आवरत नव्हते.

पण माझा गोंधळ काही संपलेला नाही. बाबांना आपलं नाटक कळलंय की नाही? दिवसभर बोक्याला लुच्चा, लफंगा म्हणतात. पण त्याची दुधाची वाटी मी भरायच्या आधीच भरलेली असते. तू ओळख बघू, तुझ्या डोक्यापुढे मी हात जोडले.

दिवाणजी मजेत आहेत. तुझी आठवण काढतात असं खोटंच लिहितो. लोभ आहे, तो असाच दूर बसून ओळखत राहो.

तुझा
छोट्या


ता. १२ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

औषधाच्या बाटल्या मिळाल्या. त्यांची आता गरज नाही, तरी कपाटात ठेवल्या आहेत. नवी जमीन चांगली आहे, गुळगुळीत पण घसरत नाही. छोट्यानं घातली आणि नंतर तीनदा पुसली. तो हल्ली माझ्याशी फार गोड बोलतो, त्याला सांग नेहमीसारखं बोलत जा म्हणून.

पोरी, तीस वर्षं मी दुकानांतले तराजू तपासले. खोटं वजन मला हातात घेतल्याबरोबर कळायचं, आणि कुणाचंही कधी चालवून घेतलं नाही. त्या दिवशी मालकीणबाईंसमोर छोट्या बोक्याच्या नावानं ओरडत होता तेव्हा मी तोंड उघडणार होतो. नाही उघडलं. जन्मात पहिल्यांदा एक खोटं वजन चालवून घेतलं, कारण ते तुम्ही दोघांनी टाकलेलं होतं. मला फार भीती वाटत होती गं. लाजही.

बोका निरपराध आहे. त्याच्यावरचा आळ मी काढू शकत नाही, म्हणून सकाळचं दूध मी स्वतः देतो. रात्री मी उठलो की तोही उठतो, बोळातून बाथरूमच्या दारापर्यंत येतो आणि बाहेर थांबतो. तुला त्याच्यावाचून करमत नाही हे छोट्यानं सांगितलं नाही, मला कळलं. थोडे दिवस त्याला माझ्याकडे राहू दे.

जावईबापूंना आशीर्वाद. आम्हा म्हाताऱ्यांवर, मी आणि तो, लोभ असाच राहू दे.

बाबा

ता. क. काल रात्री बोक्यानं कुठेही काही केलं नाही. मीही नाही.