जास्तीची खुंटी

प्रिय चिमणे,

फोन हाताशी असताना ताईला पत्र लिहायचं खूळ कुठून लागलं, असं म्हणशील. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. माझं अर्धं होतंय तोवर तुझं ‘अगं पण ताई’ सुरू होतं, मग मी चिडते, आणि चिडले की नको ते बोलून बसते. मागच्या वेळी तेच झालं. तू म्हणालीस, खोलीला रंग देऊन झालाय, पलंग खिडकीशी लावलाय, आता तिथलं सगळं आवर आणि कायमची ये. मी म्हटलं, येत नाही, मी कामासाठी नवा कॉम्प्युटर जोडायला घेतलाय. त्यावर तू हसलीस. ते हसणं मला इतकं झोंबलं की मी बोलून गेले, रविवारपर्यंत तो चालू झाला नाही तर सामानाची गाडी पाठव, मुकाट्याने येऊन बसते. आणि तू लगेच गाडीवाल्याला सांगूनही ठेवलंस! तुझा उरक मी ओळखून आहे. तर ही त्या पैजेची हकिकत. सगळी नीट वाच. शेवट आधी बघून घ्यायची तुझी जुनी खोड आहे, ती या वेळी आवर.

तयार लॅपटॉप पाठवते म्हणालीस, त्याचा मला राग नाही. पण जन्मभर लोकांना मापाचं शिवून दिलं आणि आता स्वतःसाठी रेडिमेड घेऊ? मला पडदा हवा होता खिडकीएवढा, की त्यावर आखलेला झग्याचा गळा हात लांब करून बघावा. नाटक कंपनीचे मॅनेजर म्हणालेत, कपड्यांचे साचे तुम्ही कॉम्प्युटरवर आखून द्या, कापणारे-शिवणारे आम्ही बघतो. म्हणजे काम सुटत नाही, फक्त कात्री सुटते. शिवाय ती कॉम्प्युटरची पेटी आतून कशी आहे हे माझ्या हातांना माहीत असायला हवं होतं. का, ते पुढे सांगते. दुकानदार म्हणाला, ताई, जोडून देतो ना, कशाला त्रास? मी नको म्हटल्यावर त्याने विचारलं, घरात कोणी जाणतं माणूस आहे का? म्हटलं, आहे की, मीच. त्याने सगळे भाग सुटेच बांधून दिले.

कापायच्या टेबलावर चादर अंथरली आणि सगळे भाग मांडले. खरं सांगते, मजा आली गं. प्रोसेसर जागेवर ठेवला तो हुक फाशात बसावा तसा अलगद बसला. मेमरीच्या पट्ट्या दाबल्या की टक्क वाजतात, प्रेसबटणासारख्या. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर हे सगळं बसतं तो मोठा हिरवा पत्रा. तो पेटीत थेट टेकवायचा नसतो. खाली पितळेच्या ठेंगण्या खुंट्या फिरवून बसवायच्या आणि त्यांच्यावर तो स्क्रूने आवळायचा. बरोबर आलेलं माहितीचं पुस्तक कुणासाठी छापलं होतं कोण जाणे, मुंग्यांसाठी असावं. ते मी बाजूला ठेवलं आणि अंदाजाने केलं. मधेच एक स्क्रू खाली पडला. तो मी जमिनीवर तळवा फिरवून शोधला. उजेड कमी होता, असं समज.

मग बटण दाबलं. आतला पंखा जरासा फिरला, एक दिवा लुकलुकला, आणि सगळं थंड. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पडदा मख्खासारखा काळा. मशीन माझ्याकडे बघून मूग गिळून बसलं होतं. तुझ्यापासून काय लपवायचं, माझं अवसान गळालं. मी खुर्चीत बसले आणि खोलीभर नजर फिरवली. दोऱ्यांची रिळं, इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यातला कापडी पुतळा, ज्याला तू लहानपणी ‘बिनडोक मावशी’ म्हणायचीस. तुझ्या त्या रंगवलेल्या खोलीत हिला कुठे उभं करणार, असा विचार मनात आला. उठून चहा केला. 

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवा. बसवल्या. प्रोसेसरशेजारचा विजेचा वेगळा प्लग लावलाय का बघा. लावला होता. पडद्याची तार तपासा. तपासली. शेवटी म्हणाला, एखादा भाग खराब निघाला असेल, पेटी घेऊन या, आम्ही बघतो. म्हणजे रविवार गेला तुझ्या घशात. त्याला विचारलं, नेमका कुठला भाग खराब आहे हे घरी कसं शोधायचं? तो म्हणाला, सगळं पेटीबाहेर काढून कोरड्या खोक्यावर मांडून बघतात, पण ते तुम्हाला जमायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

शिवण चुकली तर आपण काय करतो? उसवतो. मी सगळं उसवलं. बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, पट्ट्या, तारा, प्लग पुन्हा लावले. बटण तर पेटीतच राहिलं, म्हणून दुकानदाराला पुन्हा फोन करून विचारलं आणि बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जुळवल्या. पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला आणि पडदा उजळला! मी टाळ्या वाजवल्या, एकटीच. मग सगळं जसंच्या तसं पेटीत घातलं, आवळलं, बटण दाबलं. पुन्हा मेलं. चिमणे, त्या वेळी मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण राग ओसरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. कापड चांगलं आहे, शिवणही चांगली आहे. चूक असणार ती फिटिंगमध्ये.

तुझा शाळेच्या नाटकातला परीचा झगा आठवतो? धावताना तू प्रत्येक फ्रॉक काखेत उसवायचीस, म्हणून मी तिथे आधीच दुहेरी टाके घातले होते, वर आणखी एक पट्टी लावली होती. आणि राजकन्येला वर द्यायच्या वेळी तुझा हात वर जाईना. तू कोपरातूनच आशीर्वाद दिलास आणि सगळी शाळा खो खो हसली. तू आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होतास. जिथे ताण येईल असं वाटतं, तिथे मी न सांगता एक टाका जास्त घालते. हात ऐकतच नाहीत.

बोर्ड पुन्हा बाहेर काढला. डोळ्यांनी बघायचा नाद सोडला, चक्क मिटून घेतले, आणि त्याच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं. पाठभर डाखाची, म्हणजे सोल्डरिंगची, बारीक टोकं असतात, हाताला खरखरीत लागतात. मधोमध एका जागी ती टोकं दबलेली लागली. मग पेटीच्या तळाशी त्याच जागी बोट नेलं, तर तिथे एक खुंटी. बाकीच्या प्रत्येक खुंटीवर बोर्डाला भोक आहे, हिच्यावर काहीच नाही. कुणी बसवली? अर्थातच मी. एवढा मोठा पत्रा मधे अधांतरी राहील, लवेल, म्हणून हातांनी आपण होऊन एक आधार जास्त दिला होता. बोर्डाची पाठ त्या पितळेला टेकत होती, वीज भलत्याच वाटेने जात होती, आणि बिचारं मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होतं. चार फेऱ्यांत खुंटी हातात आली. पेटी पुन्हा भरली, बटण दाबलं, आणि या वेळी ते चालू झालं ते चालूच राहिलं. मी अशी ओरडले की खालच्या काकू धापा टाकत वर आल्या, मी पडले की काय म्हणून.

ती खुंटी या पाकिटात घातली आहे, ठेव तुझ्याकडे. राग मानू नकोस, पण तुझी ती रंगवलेली खोली अशीच आहे. मायेने दिलेला आधार, पण माझी पाठ तिथे टेकली की मी बंद पडेन. इथे कुठल्या खणात कुठला दोरा आहे, जिन्याची कुठली पायरी उंच आहे, हे माझ्या हातापायांना पाठ आहे. तुझ्याकडे मला पाण्याचा पेलासुद्धा विचारून घ्यावा लागेल.

आता जे फोनवर सांगता आलं नाही ते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की माझ्या दोन्ही डोळ्यांचं मधोमधचं दिसणं हळूहळू जाणार. कडेचं राहील, मी हिंडेन-फिरेन, पण ज्याच्याकडे बघेन नेमकं तेच दिसणार नाही. सुरुवात झालीच आहे. म्हणून हा पडदा, म्हणून हा सगळा आटापिटा. हे पत्र त्याच मशीनवर लिहिलंय, एकेक अक्षर मुठीएवढं करून, आणि लिहिलेलं ते मला वाचूनही दाखवतं, अगदी रुक्ष आवाजात. तेव्हा कामाचं मी निभावून नेईन, घराचंही नेईन, त्याची चिंता सोड. गाडीवाल्याला नाही म्हणून सांग. पण रविवारी तू ये, रिकाम्या हाताने ये, आणि दुपारी खिडकीपाशी चांगल्या उजेडात माझ्यासमोर बस. रडायचं नाही, चेहरा वाकडा होतो. बोर्डाची चूक मला बोटांनी सापडली, तशी शिवणही सापडेल, जिनाही सापडेल. तुझा चेहरा तेवढा बोटांनी कळायचा नाही गं. तो मला आत्ताच, दिसतोय तोवर, पोटभर बघून ठेवायचाय.

तुझीच,
पैज जिंकलेली ताई