वरच्या दातांसाठी

अहो,

पातेल्यात वरण ठेवलंय. भाकरी त्यात कुस्करून खा, म्हणजे हिरड्या दुखणार नाहीत. मी पहिल्या एस.टी.नं येवल्याला जाते आहे. दोन महिने माझ्या बहिरूदादाच्या हातमागावर बसून मजुरीनं पैठणी विणणार. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही अडवलं असतं. आपल्या लेकीला, लताला, सगळं ठाऊक आहे.

विम्याच्या दवाखान्यात तुमचे वरचे दात फुकट काढले, पण कवळी विम्यात बसत नाही, आणि तुमच्या पगारातही बसत नाही. परवा तुम्ही म्हणालात, "लताच्या लग्नाच्या फोटोत मी नको." त्या रात्री मी झोपले नाही.

तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा माझ्या हातचे डिंकाचे लाडू दगडासारखे झाले होते. सगळ्यांनी ते बशीत तसेच ठेवले. तुम्ही मात्र एक लाडू दातांनी काडकन फोडलात आणि दिलखुलास हसलात. त्या हसण्यावरच मी आईला होकार सांगितला होता. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

मेनरोडच्या दातांच्या डॉक्टरांना काल भेटले. म्हटलं, "मजुरी मिळेल तसे पैसे देईन." ते म्हणाले, "आधी पेशंटला तर पाठवा!" सोमवारी कंपनी सुटली की थेट त्यांच्याकडे माप द्यायला जा. आधी घरी आलात तर जाणार नाही.

कवळी तयार झाली की दादाच्या पत्त्यावर कार्ड टाका. मी येईपर्यंत ती लावून आरशात बघू नका. पहिल्यांदा मी बघणार.

सिंधू