सुमतीच्या बॅगेतली हिरवी बाटली

मंगळवार, संध्याकाळ. बेळ्ळंदूर.

उद्या सुमती नातवाच्या बारशासाठी दुबईला निघेल. तिच्या बॅगेतून भांगेच्या पानांच्या तेलाची हिरवी बाटली मी दुपारीच काढली होती. आता पाहतो, तर बाळाच्या कुंचीत गुंडाळून ती पुन्हा आत.

"अहो, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनीच लिहून दिलंय."

"इथे कायद्याने गांजा म्हणजे फुलोरा, पान त्यात येत नाही. तिथे हा भेद कोण ऐकणार? थेट तुरुंग."

"सरी, बरं, वकीलसाहेब. मग बाळाला घेऊन उभी कशी राहू, तेही सांगा."

मी कुंची उलगडली. हिरवी बाटली माझ्या खिशात आहे. दुसरी नाही, असे ती म्हणते. तिचा शब्द मी आयुष्यभर मानला. उद्या निघण्यापूर्वी मात्र बॅग उघडणार आहे.