पाटा-वरवंट्याचं वजन

चाचा,

आज तुमची कॅरव्हॅन वजनकाट्यावर चढवली. इब्रा गावातल्या आपल्या वर्कशॉपमागे ती इतकी वर्षं उभी होती की तिच्या पोटाखाली बकऱ्यांनी घर केलं होतं. आपला मालक, अर्बाब, थकला आहे, आता सगळं त्याचा मुलगा बघतो. त्याने नवी दांडगी पिकअप घेतली आणि म्हणाला, खरीफच्या पावसाच्या दिवसांत घरच्यांना कॅरव्हॅनमधून दक्षिणेला सलालाहला नेतो. कंपनीच्या कागदावर ओढण्याचा आकडा भरपूर आहे, मग बघायचं काय राहिलं? मी त्याला तुमचंच वाक्य ऐकवलं, "ओढता कोण पण. पाठीवर किती घेता ता बघ आधी." त्याला ते कळलं नाही, मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. मी नवा होतो, गिऱ्हाइकाला मोठ्या अक्षरांतला आकडा वाचून दाखवला आणि तुम्ही त्याच्यासमोरच माझी खरडपट्टी काढलीत. हा कॅरव्हॅनचा ट्रेलर मागच्या हुकाला लटकत नाही, त्याची मान पिकअपच्या हौद्यातल्या लोखंडी बैठकीवर टेकते, वजनाचा चांगला वाटा गाडीच्या पाठीवर येतो, आणि तो आकडा कंपनी कुठेतरी दाराच्या कडेला बारीक छापते. संध्याकाळी तुम्ही एक संत्रं सोललंत आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलंत.

रिकामी गाडी तुम्ही कधी मोजली नाहीत. पाण्याची टाकी भरा, सिलिंडर चढवा, गाद्या, कोळसा, तांदूळ, आणि मग सगळ्या माणसांना आत बसवा. लोक वैतागायचे. एक म्हातारी तर पुढच्या सीटवर काहव्याचा, अरबी कॉफीचा, थर्मास घेऊनच बसली होती आणि खिडकीतून काटेवाल्याला पेले भरून देत होती. माणसं सामान मोजतात आणि स्वतःला विसरतात, असं तुम्ही म्हणायचात.

मग चाची आली. रत्नागिरीहून विमानाने, व्हिजिट व्हिसावर, आणि सामानात पाटा-वरवंटा. मिक्सरच्या चटणीला साबणाची चव येते अशी तक्रार तुम्ही फोनवर कधीतरी केली होती, तिने ती मनावर घेतली. अर्बाबने मोठ्या मनाने सांगितलं, यल्ला, माझी पिकअप घे, कॅरव्हॅन घे, बायकोला सलालाह दाखव. तुम्ही तिला सांगून ठेवलं होतंत, तिकडे आपल्यासारख्याच नारळाच्या बागा आहेत. काट्यावर मी होतो. चाची नवी ओढणी घेऊन पुढे बसली आहे, मांडीवर पिशवी. तुम्ही आकडा बघता, गाडीच्या वाकलेल्या पाठीकडे बघता. पाणी सोडून देता. सिलिंडर उतरवता. मग गाद्या, मग भांडी, शेवटी पाटासुद्धा. आकडा खाली येतो, पण पुरेसा येत नाही. ती पिकअप रिकाम्या कॅरव्हॅनलाच जेमतेम पुरत होती, तुम्ही दोघं बसलात की संपलं. अर्बाब म्हणाला, हळू चालव, इन्शाल्ला काही होणार नाही. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. आणि मग हसून म्हणालात, "हिच्या पाट्यान घात केलान." सगळे हसले, चाचीही हसली.

तिचे व्हिसाचे दिवस त्या उभ्या कॅरव्हॅनमध्येच गेले. ती खाली बसून वाटण वाटायची आणि वरवंट्याच्या प्रत्येक फेरीला कॅरव्हॅन हलायची. मी दार वाजवून आत जायचो, ती भाकरीवर ओल्या खोबऱ्याची चटणी वाढायची. पुढच्या वर्षी मोठी गाडी येईल, म्हणायचात. पुढचं वर्ष यायच्या आत तुम्हीच गेलात. पाटा घरी पाठवू का, असं मी चाचीला फोनवर विचारलं तर म्हणाली, "ऱ्हवू दे तिकडंच. त्यानच आमाला अडवलान." तेव्हापासून मला तुमचा राग येत होता, चाचा. तुम्ही ती मस्करी चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगितलीत आणि त्या बाईने ती आयुष्यभर खरी मानली, असं मला वाटत होतं.

आज नव्या पिकअपने वजन पेललं. सगळं भरून, सगळ्यांना बसवून. मी काट्याजवळूनच चाचीला फोन लावला. सांगितलं की त्या दिवशी पाट्यामुळे काही अडलं नव्हतं, पाटा नसता तरी तुम्ही दोघं जाऊ शकला नसता. ती म्हणाली, "मना म्हायती हाय रे. काट्यावर त्यांचा तोंड मी बघितलेला. रडतील म्हणून मी पण हसली." मी विचारलं, मग पाटा घरी का नको म्हणालात? "त्यांची मस्करी होती ती. तेवढी तरी तिकडं ऱ्हवू दे, म्हटलं." नंतर तिने विचारलं, सलालाहला खरंच नारळाच्या बागा हायत काय. मी हो म्हटलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते माझ्याच कपाटात राहील. पण एक सांगतो. जुनं सगळं बाहेर काढ, तो दगडसुद्धा, खलास, असं अर्बाबच्या मुलाने मला बजावलं होतं. मी हो म्हटलं आणि पाटा-वरवंटा कॅरव्हॅनमधल्याच ओट्याखाली गोधडीत गुंडाळून दोरीने बांधला. काट्यावर तो आतच होता. उद्या तो सलालाहला निघेल. चाचीला हे मी सांगितलेलं नाही.