दिसत नाही ते काम

३ नोव्हेंबर २००९, मंगळवार

अण्णांनी दीड लाख टेबलावर आपटले. "ह्याच्या फुडं एक रुपया मागायचा न्हाई. कालेज सोडलंस, आता ही गाडी तरी नीट कर, न्हाईतर भंगारात घाल." मग बशीत चहा ओतला आणि नेहमीचा प्रश्न — "किती देती?"

सात, म्हणालो.

"डंपर बी ह्याच्यापेक्षा बरा की रं!"

सगळी वाघोली हेच विचारते. सहा सिलिंडर एका ओळीत, दोन दरवाजे, दोन सीट, लांब नाक — आणि ह्यांना ॲव्हरेज पाहिजे! बिल्डरला जमीन देताना कुणी इतका हिशेब केला नाही.

गाडी उन्हाळ्यात कोरेगाव पार्कातल्या एका पारशाकडून घेतली. नऊ वर्षांची. इंजिन अजून लोण्यासारखं. बाकी सगळं थकलेलं.

५ नोव्हेंबर, गुरुवार

दत्तप्रसादच्या गॅरेजवर गेलो. तो सुरूच झाला — "आधी मागं पंख लाव, खाली निळे लाइट, सायलेन्सर मोठा कर. गाडी आलेली कळली पाहिजे, तेजसशेठ!" चुलतभाऊ रणजित तिथंच पडलेला असतो दिवसभर. तो म्हणे, "आणि काचेवर नाव टाक."

मी म्हणालो, गाडी वळली पाहिजे आणि थांबली पाहिजे. दोघंही हसले. हसा!

फिल्टर बदला, चिप टाका, वीस घोडे वाढतील म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनात वाढून वाढणार किती? पाच. तेही मेलेले. त्यावर पैसे घालायचे नाहीत. चारही टायर वाळून लाकूड झालेत — ते पहिले. मग ब्रेकचे पॅड आणि ऑइल. मग शॉकॲब्सॉर्बर — वळणावर गाडी होडीसारखी डुलते. खालचे रबरी बुश गेलेत. इंजिनच्या झाकणातून ऑइल तापलेल्या पाइपवर ठिबकतं, आत जळका वास येतो. झाकणाचं रबर किरकोळ, पण काढायला अर्धा दिवस.

ह्यातलं एकही बाहेरून दिसणार नाही. न दिसो.

८ नोव्हेंबर, रविवार

ऋतुजा बावीस तारखेला फिरायला येते म्हणाली! "काहून रे, इतकुशा गाडीत दोघं मावतो का?" बाप्पा, दोघंच मावतात. तेच तर.

थर्ड इयरला मी वर्कशॉपच्या सरांची कॉलर धरली, तेव्हा माझ्या गँगमधले सगळे शूर वीर पाठीमागच्या दारानं पळाले. हीच एक अकोल्याची मुलगी गेटपर्यंत माझी बॅग घेऊन आली. म्हणाली, "मूर्ख आहेस." एवढंच. मी परत कॉलेजात गेलो नाही. ती पास होऊन खराडीच्या कंपनीत लागली, गळ्यात कार्ड घालून फिरते. तिच्या ऑफिसातले शर्टात पेन अडकवलेले लोक तिला रोज दिसतात. मी महिन्यातून एकदा.

वरंध घाटात वर गाडी थांबवायची आणि सांगायचं. ठरलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

बुश बसले. बोटांची सालटी गेली. दत्तप्रसाद म्हणे, "एवढ्यात मस्त पंख आला असता." त्याला पाना फेकून मारणार होतो. मारला नाही. सुधारतोय मी!

१९ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं झालं. पहाटे नगर रोडला एकटा फिरवून आणली. खड्डा आला, गेला. पोटातलं पाणी हललं नाही. आत वास नाही, खडखड नाही. स्टिअरिंग हातात नुसतं बोलतं.

रणजित गाडीभोवती फिरून आला. "दीड लाख घातले? कुठं?"

२२ नोव्हेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय.

सकाळी तिला चंदननगरहून घेतलं. निळा कुर्ता. पर्स पोटाशी घट्ट धरलेली, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. कात्रजपर्यंत गप्प. मग म्हणाली, "नवीन काय केलं रे?" मी टायर सांगितले, शॉकॲब्सॉर्बर सांगितले, ते झाकणाचं रबरसुद्धा. ती म्हणाली, "अच्छा."

अच्छा!

भोर सोडलं. घाट लागला. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकेक वळण असं घेत होतो की कुणी बघितलं असतं तर — पण बघतंय कोण? मान वळवली तर ही झोपलेली. तोंड किंचित उघडं, डोकं काचेला. इंजिन गात होतं, बाहेर दरी होती, बाजूला मी होतो — आणि ही झोपली! त्या पेनवाल्यांच्या मीटिंगमध्ये झोपते का कधी?

वर थांबलो. उठवलं. दचकून म्हणाली, "आलो पण? मी झोपले होते?" आणि स्वतःशीच हसायला लागली. हसायला! जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. चहा घेतला. येताना मी फक्त रस्त्याकडे बघत होतो. चंदननगरला उतरताना तिनं विचारलं, "काय झालं तुला?"

"काही नाही. झोप झाली ना तुझी?"

दार मी आतून ओढून घेतलं. जोरात.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

कशासाठी केलं हे सगळं? दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि जिच्यासाठी केलं तिला झोप येते. जगाला आवाज पाहिजे. घ्या आवाज!

रणजितच्या ओळखीचा एक जण मुंबईत आहे, त्याच्याकडे अशीच गाडी. शॉकॲब्सॉर्बर आणि बुश अर्ध्या किमतीत घेतो म्हणाला. म्हटलं, ने. त्या पैशात गाडी जमिनीला टेकवणारे कडक स्प्रिंग आणि सरळ पाइपचा सायलेन्सर.

तिचे तीन फोन आले. उचलले नाहीत.

२८ नोव्हेंबर, शनिवार

गाडी तयार. वेशीत शिरलो तर कुत्री पळाली, म्हातारी माणसं ओट्यावरून उठून उभी राहिली. स्पीडब्रेकरला पोट घासतं, खड्डा थेट मणक्यात शिरतो. पाइप गाडीच्या तळाला लागून नेलाय, आत पेट्रोलचा उग्र वास मारतो. डोकं दुखतंय.

अण्णा बाहेर आले. गाडीभोवती दोनदा फिरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता कशी गाडी वाटती! आधीच करायचंस की."

रणजित म्हणाला, "भावा, आज तू माणसात आलास."

जेवलो नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

ऋतुजाचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो —

"फोन तर उचल ना. झोपले म्हणून रागावलास? अरे मला कोणतीही गाडी लागते. कंपनीची बस, एसटी, बाबांची कारही. रोज आवळा सुपारी तोंडात ठेवून ऑफिसला जाते. त्या दिवशी पर्समध्ये पिशवी घेऊनच बसले होते, तुझ्यासमोर ओकले तर काय, याच भीतीनं गप्प होते. आणि घाटात चक्क झोपले! आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. म्हणते, कोण आहे तो चालवणारा, घरी घेऊन ये. पुढच्या रविवारी अकोल्याला नेशील? गाडीनंच जाऊ."

खाली अंगणात रणजित माझी गाडी चालू करून गावाला आवाज ऐकवतोय. अण्णा म्हणतायत, "आणखी दाब."