रजिस्टरात माझं नाव नाही

पप्पा, तुम्ही माझा बाप्तिस्मा केलाच नाही. चार दिवस झाले हे कळून. अहो, सव्वीस वर्षं मी तुमच्याच जागेवर उभा आहे! किती लेकरांच्या कपाळाला पाणी लावलं, किती जणांना प्रभुभोजनात घेतलं, आणि मी स्वतः कोण? मंडळीच्या नियमानं बघायला गेलं तर दारातला पावणा. बापानं पोराशी असं वागावं, आणि तेही पाळक असलेल्या बापानं?

कळलं कसं तेही ऐका. आपल्या मंडळीतला एक तरुण कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. कुठल्याशा नव्या संगतीत त्याला कुणी सांगितलं, लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नाही, नदीत बुडी मारून पुन्हा घे. तो मला विचारायला आला आणि मी तापलो, तुमच्यासारखाच. "बाप्तिस्मा एकदाच असतो रे, देव शब्द देऊन विसरत नाही," म्हणालो आणि कपाटातून बाप्तिस्म्यांचं जुनं रजिस्टर काढलं. त्याच्या वडिलांचं नाव दाखवलं. मग ऐटीत म्हणालो, "आता माझं बघ." पानावर तुमचं ते तिरकं अक्षर. ताईचं नाव आहे, धाकट्याचं आहे. मधली पानं मी दोनदा उलटली, तिसऱ्यांदा त्यानं उलटली. "पाळकसाहेब, तुमचं न्हाय की हो यात," तो म्हणाला. चेष्टा नव्हती आवाजात, उलट कीव होती, आणि तीच सोसवेना. आजोळी झाला असेल, असं काहीतरी पुटपुटलो आणि चहाही न विचारता त्याला वाटेला लावलं.

तुम्ही तर गेलात, निदान आई असती तर तिला धरून विचारलं असतं. ताईला फोन केला, तर ती म्हणे, मी तीन वर्षांची होते, मला कसलं आठवतंय, बावड्याच्या मावशीला विचार. आईबरोबर दवाखान्यात नर्स होत्या त्या मावशी. आता ऐंशी उलटली, कान शाबूत आहेत. मी गेलो तेव्हा ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, तशा काड्या परातीत टाकल्या आणि म्हणाल्या, "आज इचारतोयस व्हय?"

त्यांची पहिली मुलगी दोन दिवसांची होऊन गेली, हे मला ठाऊकच नव्हतं. तेव्हा मी पाळण्यात होतो, तीन आठवड्यांचा, आणि येत्या रविवारी माझा बाप्तिस्मा ठरलेला. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, समजावलंत, की पाणी लागलं नाही तरी पोर देवाच्या करारातलंच आहे, वचन आईबापांना आहे तसं लेकरांनाही आहे. "मी भडकले की," मावशी सांगत होत्या. "म्हटलं, साहेब, तुमचं काय जातंय बोलायला? तुमचं पोरगं पाळण्यात हाय, रविवारी त्येला पाणी लावशीला आन् घरला घिऊन जाशीला. माझी तशीच गेली." आणि तुम्ही तिथल्या तिथं म्हणालात, "मग माझ्याबी पोराला नको. तुझा विश्वास बसंल त्या दिवशी येऊन सांग, मगच त्येला पाणी लावीन." आई आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही म्हणे. बरोबरच केलं तिनं!

मला राग कशाचा आहे सांगू? तुम्हीच शिकवलंत, पाणी तारत नाही, पण पाणी हयगयीनं टाळणं हेही पाप. मी नवीन पाळक होतो तेव्हा मरायला टेकलेल्या एका बाळाला पाणी लावायला दवाखान्यात धावत गेलो होतो. घरी आलो तर तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होतात. भाकरीचा तुकडा ताटात टाकलात आणि ओरडलात, "देवाचा करार तुझ्या वाटीत मावतो व्हय रे?" मी मान खाली घालून उभा राहिलो. आता वाटतं, तेव्हा तरी सांगायचं होतंत! पाळकपदाच्या दिवशी बाप्तिस्म्याचं चांदीचं भांडं मला भेट दिलंत, मी ओढलं तरी तुमची बोटं सुटेनात. मला वाटलं, म्हातारपण. मंडळीपुढं मला विश्वासाची कबुली द्यायला लावलीत, प्रभुभोजनात घेतलंत, सगळं चुकीच्या पायावर, आणि तोंडाला कुलूप. एका बाईला दिलेल्या शब्दापायी!

"मग तुमचा विश्वास बसलाच न्हाय का, मावशी?" मी जरा जोरातच विचारलं. त्यांनी मेथीची परात बाजूला सारली.

"बसला की. वरसाच्या आत बसला. पण सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर साहेबांनी तुला दुसऱ्याच रविवारी हुबं केलं असतं. मग माझी पोरगी एकली पडली असती, बाळ. तू बिनबाप्तिस्म्याचा हुतास तवर तिला जोडीदार हुता."

निघताना त्यांनी माझा हात धरला. "आता घे म्हणं तू. मला बी घिऊन चल, पुढं बसीन." म्हणून जयसिंगपूरच्या पाळकांना फोन केला. येत्या रविवारी उपासनेत ते माझा बाप्तिस्मा करतील. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांना बोलावून सगळं सांगितलं. एकजण म्हणाले, कशाला उकरताय, लोक म्हणतील आमच्या पोरांचेही फुकट गेले. मी म्हणालो, देणारा देव आहे, माझ्या हाताचं काय घेऊन बसलात. उत्तर चोख होतं, तुम्हालाही पटलं असतं.

पण पप्पा, रविवारी मला पुढं जायचं नाही. भीती लोकांची नाही, लाज तर गेलीच. सव्वीस वर्षं किती आयांना सांगत आलो, तुमचं लेकरू देवाच्या हातात आहे, ते एकटं नाही. आणि काल अंघोळीच्या वेळी तांब्या डोक्यावर धरला आणि मनात आलं, मी पाणी घेतलं की ती पोर एकटी पडेल.